शस्त्रक्रियेच्या निर्णयापूर्वीचा संवाद : ऊसतोड स्त्रियांच्या संदर्भात एक विवेचन

शस्त्रक्रिया करावी की करू नये, हा प्रश्न ज्या व्यक्तीच्या देहाविषयी उपस्थित होतो, तिलाच त्या प्रश्नाचा विचार करण्यास बहुधा सर्वांत कमी अवकाश मिळतो. तपासणी होते, निदान सांगितले जाते, खर्चाचा आकडा ठरतो आणि एका छापील कागदावर सही अथवा अंगठा घेतला जातो. या साऱ्या घटना पुष्कळदा एकाच दिवशी, किंबहुना एकाच तासात घडतात. पुढे कोणी विचारले असता ‘डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले’ एवढेच उत्तर मिळते. हे उत्तर खोटे नसते. परंतु ते अपुरे असते. रुग्णाने डॉक्टरांना काय सांगितले होते, डॉक्टरांनी त्यावरून काय ठरविले, आणि दुसरे कोणते मार्ग उपलब्ध होते, या तीन गोष्टींचा त्यात मागमूस नसतो.

प्रस्तुत लेखात या तीन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, शस्त्रक्रियेस दिलेली संमती सहीच्या क्षणी निर्माण होत नाही. ती त्यापूर्वीच्या संवादात निर्माण होते, आणि तो संवाद पूर्वतयारीवाचून होऊ शकत नाही. विवेचनासाठी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया हे एकच उदाहरण घेतले आहे; कारण आपल्या भागात ज्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत या संवादाचा अभाव सर्वांत तीव्रतेने दिसून आला, ती हीच होय. प्रसूतीनंतरचा न थांबणारा रक्तस्राव किंवा अपघात यांसारख्या तातडीच्या प्रसंगांचा येथे विचार केलेला नाही. तेथे विलंब हाच धोका असतो. ज्या शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस अथवा काही आठवडे थांबता येते, तिच्याविषयीच पुढील विवेचन आहे.

१. प्रदेश व पार्श्वभूमी

अहमदनगर जिल्ह्याचे, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे, पाण्याच्या दृष्टीने दोन भाग पडतात. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले आणि प्रवरेच्या कालव्यांवर उसाची शेती वाढली. त्याच पट्ट्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५० च्या सुमारास त्याचे गाळप सुरू झाले. याउलट पाथर्डी, शेवगाव आणि जामखेड हे पूर्वेकडील तालुके बीड जिल्ह्याला लागून असून पर्जन्यछायेत मोडतात. एका भागात ऊस उभा राहतो आणि दुसऱ्या भागातून तो तोडण्यासाठी माणसे निघतात, असे या जिल्ह्याचे चित्र आहे.

दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात. पती आणि पत्नी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते व ती तोडणीच्या कामातून फेडली जाते. एखाद्या दिवशी काम बुडाल्यास ‘खाडा’ पडतो आणि त्याची रक्कम कापली जाते. स्त्री पहाटे कोपीवरचा स्वयंपाक उरकून फडात जाते, दिवसभर वाकून ऊस तोडते, मोळ्या बांधते आणि त्या डोक्यावरून वाहनापर्यंत नेते. फडावर शौचालय नसते, स्वच्छ पाणी पुरेसे नसते आणि मासिक पाळीच्या दिवसांत विश्रांती घ्यावी तर खाडा पडतो. अशा स्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीत जास्त रक्त जाणे या तक्रारी केवळ आजार न राहता मजुरीचे नुकसान ठरतात. ‘पिशवी काढून टाकली की कटकट मिटली’ हा विचार याच भूमीत रुजतो.

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर होत असल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. त्यानंतर राज्य शासनाने विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. या चौकशीच्या निमित्ताने झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले असल्याचे आढळले. हे प्रमाण शेकडा सुमारे १७ पडते. २०१५-१६ च्या चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण महाराष्ट्रात शेकडा २.६, तर देशात शेकडा ३.२ होते. दोन्ही पाहण्यांची पद्धत व वयोगट सारखे नसल्याने या आकड्यांचा भागाकार करून निष्कर्ष काढणे शास्त्रशुद्ध होणार नाही. तरीही अंतर एवढे मोठे आहे की केवळ वयोगटातील फरकाने त्याचा उलगडा होईल असे मानणे कठीण आहे. ही पाहणी बीडची होती. परंतु पाथर्डी वा जामखेडची टोळी बीडच्या टोळीशेजारीच कोपी बांधते आणि त्याच अटींवर काम करते. म्हणून हा प्रश्न जिल्ह्याच्या सीमेपाशी थांबतो असे समजण्यास आधार नाही.

२. शस्त्रक्रियेचे प्रमाण आणि वैद्यकीय मत

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. शस्त्रक्रियांचे प्रमाण वाढले की त्यामागे केवळ लोभ असतो, असे मानण्याकडे लोकमताचा कल असतो. लोभ असू शकतो. परंतु तो नसतानाही प्रमाणात मोठी तफावत पडते, हे पूर्वीच सिद्ध झाले आहे. इंग्लंडमध्ये ॲलिसन ग्लोव्हर यांनी १९३८ साली शाळकरी मुलांच्या टॉन्सिल काढण्याच्या शस्त्रक्रियांचा अभ्यास मांडला. शेजारशेजारच्या विभागांत या शस्त्रक्रियांचे प्रमाण कितीतरी पटींनी भिन्न होते आणि मुलांच्या आजारातील फरकाने त्याचे स्पष्टीकरण होत नव्हते. १९७३ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्याविषयी जॉन वेनबर्ग आणि ॲलन गिटलसन यांनी असाच निष्कर्ष काढला. ज्या आजारात शस्त्रक्रियेची निकड निर्विवाद असते, तेथे डॉक्टरांची मते जुळतात. जेथे औषध, प्रतीक्षा आणि शस्त्रक्रिया असे तिन्ही मार्ग संभवतात, तेथे स्थानिक वैद्यकीय परिपाठ निर्णायक ठरतो.

गर्भाशयाच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या वर्गात मोडतात. गर्भाशयाचा कर्करोग, फार मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, अंग पूर्णपणे बाहेर येणे अशा अवस्थांत गर्भाशय काढणे योग्य, प्रसंगी प्राणरक्षक ठरते. याविषयी वाद नाही. परंतु अंगावरून पांढरे जाणे हे बहुधा जंतुसंसर्गाचे लक्षण असते व ते औषधांनी बरे होऊ शकते. अतिरक्तस्रावावर गोळ्या, संप्रेरके आणि संप्रेरक सोडणारे गर्भाशयात बसविण्याचे साधन असे उपाय आहेत. काही गाठी गर्भाशय राखून काढता येतात. अंग बाहेर येण्याच्या त्रासात आधारासाठी रिंग बसविता येते. जेथे इतके पर्याय आहेत, तेथे रुग्णाची परिस्थिती आणि पसंती हा निर्णयाचा अविभाज्य भाग ठरतो. आणि ती डॉक्टरांना कळविण्याचे साधन संवाद हेच आहे.

३. संमतीचे स्वरूप

आपल्या देशात संमतीच्या कायदेशीर स्वरूपाची सर्वांत स्पष्ट मांडणी सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली प्रकरणात केली. योगायोग असा की ते प्रकरणही गर्भाशयाचेच होते. १९९५ साली दिल्लीत एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीने दुर्बिणीद्वारे निदान करण्यास संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. न्यायालयाने असे ठरविले की, निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी लागू पडत नाही. सज्ञान व सक्षम रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबणे शक्य असेल, तर नातेवाईकाची संमती तिच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. प्राणावर बेतलेला प्रसंग हाच काय तो अपवाद.

त्याच निर्णयात संमतीपूर्वी रुग्णाला कोणती माहिती मिळावी हेही सांगितले आहे. उपचाराचे स्वरूप व पद्धती, त्याचा हेतू व लाभ, संभाव्य धोके, उपलब्ध पर्याय आणि उपचार नाकारल्यास होणारे परिणाम, अशी ती माहिती होय. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ज्या शस्त्रक्रियेमुळे वंध्यत्व येऊ शकते, तिच्यासाठी पती व पत्नी अशा दोघांचीही संमती घ्यावी लागते. व्यवहारात याचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो आणि पतीची सही झाली म्हणजे काम झाले असे मानले जाते. ‘दोघांची’ या शब्दात पत्नीची संमती गृहीत नसून आवश्यक आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

सन २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांच्या आत अमलात आणण्याचा आदेश दिला. सनियंत्रण समित्या आणि शस्त्रक्रियांची नोंद हा या सूचनांचा गाभा आहे. असे नियंत्रण आवश्यकच आहे; परंतु ते बव्हंशी घटना घडून गेल्यानंतरचे असते. डॉक्टरांच्या खोलीत प्रत्यक्ष जो संवाद होतो, त्याची उणीव समिती भरून काढू शकत नाही.

४. पूर्वतयारीचा पहिला भाग : वृत्तान्त

रुग्णाने डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी करावयाच्या तयारीचे दोन भाग पडतात : आपला वृत्तान्त नीट सांगणे आणि आपले प्रश्न नीट विचारणे. पहिल्या भागाची उपेक्षा अधिक होते. ‘लई तरास होतोय’ या वाक्यावरून कोणताही डॉक्टर निदान करू शकत नाही. आणि वृत्तान्त अपुरा राहिला की त्याची जागा सोनोग्राफीचा कागद घेतो. त्या कागदावरील प्रत्येक नोंद म्हणजे आजार नव्हे. गर्भाशयातील लहान गाठी अनेक निरोगी स्त्रियांतही आढळतात व कोणताही त्रास देत नाहीत.

वृत्तान्तात पुढील बाबी असाव्यात. पाळी कोणत्या तारखेस आली व किती दिवस राहिली; दिवसातून किती घड्या बदलाव्या लागल्या; रक्ताच्या गाठी पडल्या काय; दुखणे पाळीतच असते की एरवीही, आणि ओझे उचलल्यावर वाढते काय. पांढरे जाते त्याला वास अथवा रंग आहे काय, खाज किंवा ताप आहे काय. बाळंतपणे किती, संततिनियमनाची शस्त्रक्रिया झाली आहे काय, पूर्वी कोणती औषधे घेतली व ती किती दिवस घेतली. ही शेवटची बाब विशेष महत्त्वाची आहे. तीन दिवस गोळ्या घेऊन सोडून दिल्या असतील, तर ‘औषधाने गुण आला नाही’ हे विधान वस्तुतः चुकीचे ठरते. आणि नेमक्या याच विधानाच्या आधारावर शस्त्रक्रियेचा सल्ला दिला जाण्याचा संभव असतो.

अक्षरओळख नसलेल्या स्त्रीलाही ही नोंद ठेवता येते. दिनदर्शिकेवर पाळीच्या दिवशी एक रेघ आणि जास्त रक्त गेलेल्या दिवशी दोन रेघा, एवढे पुरे. तीन महिन्यांचे असे पान डॉक्टरांपुढे ठेवले तर ते अर्ध्या तासाच्या विचारपूसीइतके उपयोगी पडते. पूर्वीच्या तपासण्यांचे सारे कागद एका पिशवीत तारखेप्रमाणे लावून न्यावेत. २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत रुग्णाला त्याच्या नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. म्हणून ‘कागद दवाखान्यातच राहिले’ ही अडचण अपरिहार्य नाही.

याबरोबरच एक इशारा देणे अगत्याचे आहे. पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा रक्त जाणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, किंवा रक्तस्रावाने चक्कर येणे व धाप लागणे अशी लक्षणे असतील, तर तीन महिन्यांची नोंद करीत बसू नये. तपासणी ताबडतोब करावी. प्रतीक्षा हा शस्त्रक्रियेला पर्याय असू शकतो. निदानाला तो पर्याय नव्हे.

५. पूर्वतयारीचा दुसरा भाग : प्रश्न

प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. वास्तविक पाहता चांगल्या डॉक्टरांचे काम प्रश्नांनी सुकर होते. प्रश्न पुष्कळ नसावेत. निवडक असावेत आणि ते घरूनच ठरवून न्यावेत. आमच्या मते पुढील सहा प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला प्रश्न : मला नेमके काय झाले आहे आणि ते कशावरून ठरविले? ‘पिशवीला सूज आहे’ किंवा ‘पिशवी खराब झाली आहे’ हे निदान नव्हे, वर्णन आहे. आजाराचे नाव कागदावर लिहून मागावे.

दुसरा प्रश्न : शस्त्रक्रियेने माझा कोणता त्रास जाईल आणि कोणता राहील? गर्भाशय काढल्यावर पाळी थांबते हे निश्चित. परंतु मोळ्या वाहून जडलेली कंबरदुखी त्याने जाईल, असे मानण्यास कारण नाही. दोन्ही त्रास एकच समजून शस्त्रक्रिया केली, तर पदरी निराशा येते.

तिसरा प्रश्न : याला दुसरा उपाय कोणता आणि तो मी करून पाहिला आहे काय? येथे वर सांगितलेला औषधांचा वृत्तान्त कामी येतो.

चौथा प्रश्न : आता काहीच केले नाही, किंवा तीन महिने थांबले, तर काय होईल? या एका प्रश्नाने निकडीची शस्त्रक्रिया आणि सोयीची शस्त्रक्रिया यांतील भेद उघड होतो. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ असे उत्तर मिळाल्यास, ते कोणत्या तपासणीवरून म्हणता, हे नम्रपणे विचारावे. गर्भाशयमुखाची तपासणी साधी असते आणि तीस वर्षांवरील स्त्रियांसाठी ती शासकीय आरोग्य कार्यक्रमातही अंतर्भूत आहे. कर्करोगापूर्वीची अवस्था आढळली तरी पुष्कळदा तेवढ्याच भागावर उपचार करून गर्भाशय राखता येते. केवळ पांढरे जाणे हा कर्करोगाचा पुरावा नव्हे.

पाचवा प्रश्न : नेमके काय काढणार आणि काय ठेवणार? गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, तर पाळी जाण्याच्या वयापूर्वीच शरीर त्या अवस्थेत ढकलले जाते. अंगाची आग होणे, झोप न येणे, हाडे ठिसूळ होणे असे परिणाम संभवतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशय राखले तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते. तिशीतल्या स्त्रीच्या बाबतीत या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही.

सहावा प्रश्न : धोके कोणते, विश्रांती किती आणि खर्च किती? भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्राशय किंवा आतड्याला इजा हे या शस्त्रक्रियेचे ज्ञात धोके आहेत. त्यानंतर सुमारे सहा ते आठ आठवडे जड ओझे उचलू नये असा सल्ला दिला जातो. आश्विनात शस्त्रक्रिया करून दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या स्त्रीला हा सल्ला पाळता येणार नाही, हे डॉक्टरांना ठाऊक असेलच असे नाही. ‘मला अमुक तारखेला तोडणीला जायचे आहे’ हे वाक्य म्हणूनच वैद्यकीय वृत्तान्ताचा भाग आहे. खर्चाच्या संदर्भात ही शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसते काय, आणि बसत असल्यास कोणत्या रुग्णालयात, याची चौकशी आधी करावी. शस्त्रक्रियेसाठी मुकादमाकडून पैसे घेतल्याचे वृत्तान्त वारंवार प्रसिद्ध झाले आहेत. असे कर्ज पुढील हंगामाच्या उचलीत मिळते आणि देहाच्या दुखण्याचे रूपांतर श्रमाच्या बांधिलकीत होते.

धोक्याची उत्तरे शब्दांत न घेता संख्येत घ्यावीत. समजा, एखाद्या उपचाराने एक धोका ‘निम्म्यावर येतो’ असे सांगितले. तो शंभर स्त्रियांत वीसांवरून दहांवर येत असेल तर लाभ मोठा आहे. हजारात दोनांवरून एकावर येत असेल तर अगदी अल्प आहे. ‘निम्मा’ हा शब्द मात्र दोन्हीकडे सारखाच. म्हणून ‘माझ्यासारख्या शंभर बायकांत किती जणींना?’ असे विचारावे. हे वाक्य फडावरच्या स्त्रीला समजते आणि डॉक्टरांनाही नेमके उत्तर देण्यास भाग पाडते. निर्णयास साहाय्यक अशा लेखी व चित्रमय साधनांचा अभ्यास अनेक देशांत झालेला आहे. अशा साधनांमुळे रुग्णांचे ज्ञान वाढते व धोक्याविषयीची त्यांची कल्पना अधिक यथार्थ होते, असे त्यांत दिसून आले आहे. मराठीत, आणि विशेषतः न वाचता समजतील अशी, साधने तयार करणे हे काम आपल्यासमोर पडून आहे.

६. संवादातील अडथळे आणि मध्यस्थ

येथपर्यंतच्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो आणि तो योग्य आहे. जी स्त्री सासू अथवा पती यांच्यासोबत दवाखान्यात येते, जिच्याऐवजी तेच बोलतात, जिला सकाळची एस. टी. पकडून सायंकाळी परतायचे असते, ती सहा प्रश्न विचारील कशी? पूर्वतयारीचा सारा भार रुग्णावर टाकणे म्हणजे दुर्बळाला त्याच्या दुर्बळतेबद्दल दोष देणे होय. म्हणून तयारीची जबाबदारी वाटून घेणे प्राप्त आहे.

तिचा एक वाटा डॉक्टरांचा आहे. स्त्रीशी काही मिनिटे एकटीने बोलणे आणि शेवटी ‘ताई, आता घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगाल?’ असे विचारणे, एवढ्याने कितीतरी उलगडा होतो. ‘समजले का?’ या प्रश्नाला प्रत्येक रुग्ण ‘हो’ म्हणतो. स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावले म्हणजेच काय समजले व काय राहिले ते कळते. डॉक्टरांसमोर शंभर रुग्ण ताटकळत असतात, हे खरे आहे. परंतु ज्या शस्त्रक्रियेला तास-दीड तास देता येतो, तिच्या आधीच्या बोलण्याला दहा मिनिटे देता येऊ नयेत, हे पटण्यासारखे नाही.

दुसरा वाटा मध्यस्थाचा आहे, आणि या बाबतीत आपल्या जिल्ह्यापाशी स्वतःचा अनुभव आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावानेच निवडलेल्या, बहुधा शाळा न पाहिलेल्या स्त्रियांना दर आठवड्याला शिक्षण देऊन ग्राम आरोग्य सेविका म्हणून उभे करणे, हा या प्रकल्पाचा कणा होता. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या गेल्या. गावातील स्त्रीनेच गावाच्या आरोग्याचे काम पाहावे, हा विचार जामखेडने त्यापूर्वी तीन दशके व्यवहारात आणून दाखविला होता. जामखेडच्या अनुभवाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : वैद्यकीय ज्ञानाचा आवश्यक तो भाग निरक्षर स्त्री आत्मसात करू शकते आणि दुसऱ्या स्त्रीला तो समजावूनही देऊ शकते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तयारीसाठी अशीच व्यक्ती हवी. दिनदर्शिकेवरील रेघा पाहणे, कागद लावून देणे, प्रश्नांची उजळणी करून घेणे, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यासाठी शासकीय रुग्णालयाची वाट दाखविणे आणि शक्य तर सोबत जाणे, ही कामे तिला करता येतील. मात्र मध्यस्थ निवडताना त्याचे हितसंबंध पाहणे अत्यावश्यक आहे. ज्याला खाडा नको आहे, किंवा ज्याला रुग्ण पोहोचविण्याबद्दल मोबदला मिळतो, तो माहिती देत असला तरी तयारी करून देत नाही. शिवाय हंगामात टोळी गावापासून दूर असते आणि गावची सेविका गावातच राहते. तक्रारी वाढतात फडावर आणि सल्ला उपलब्ध असतो गावात, ही विसंगती कारखान्याच्या तळावरच आरोग्यसेवा नेल्यावाचून दूर होणार नाही.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून अभ्यासकांसाठी काही प्रश्न निघतात. गर्भाशय-शस्त्रक्रियांची गणना झाली. परंतु त्यांपूर्वी झालेल्या संभाषणांची नोंद कोठेच नाही. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीला पर्याय सांगितले गेले होते काय, निदान व शस्त्रक्रिया यांत किती दिवसांचे अंतर होते, पैसा कोठून आला, अंडाशय काढले की ठेवले हे तिला आज तरी ठाऊक आहे काय, हे प्रश्न पाथर्डी, शेवगाव व जामखेड तालुक्यांत पाडवा ते दिवाळी या काळात, स्त्रिया गावी असताना, विचारता येण्याजोगे आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घ्यावा असा हा विषय आहे. मात्र असे संशोधन करणाऱ्याने स्वतः घेतलेली संमतीही केवळ अंगठ्यापुरती राहू नये, याची दक्षता बाळगली पाहिजे.

शस्त्रक्रिया हे वैद्यकाचे मोठे वरदान आहे आणि तिच्याविषयी भीती उत्पन्न करणे हा या लेखाचा हेतू नाही. योग्य वेळी झालेली शस्त्रक्रिया आयुष्य वाचविते. आणि भीतीपोटी टाळलेली शस्त्रक्रिया कधी कधी ते घेतेही. परंतु काढलेला अवयव परत बसविता येत नाही. म्हणून ‘हो’ म्हणणारीने ते समजून म्हणावे आणि ‘नाही’ म्हणणारीनेही समजूनच म्हणावे. दोन्ही उत्तरांना लागणारी तयारी एकच आहे. ती तयारी करण्यास स्त्रीला वेळ आणि सोबत मिळते की नाही, यावरच आपल्या आरोग्यव्यवस्थेतील ‘संमती’ या शब्दाचा खरा अर्थ ठरेल.